हात कुणाचा

बार्शीच्या काशिनाथ बिराजदारांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नांत घालवलं आणि एकाही लग्नात पोटभर जेवले नाहीत. फोटोग्राफरचं पान शेवटच्या पंगतीत, तेही जिलबी संपल्यावर. पण त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. गावात 'बिराजदार फोटो'चं नाव होतं. मुलीचं स्थळ बघायचं असो की म्हातारं आजारी पडल्यावर भिंतीसाठी फोटो काढून ठेवायचा असो, माणसं त्यांच्याच पायऱ्या चढायची. माणूस तसा भला. फक्त आपल्यापुढं कुणाला काही येतं, हे कबूल करायला जीभ वळायची नाही. त्यांच्या पत्नी सुवर्णाबाई म्हणायच्या, "देव समोर येऊन उभा राहिला, तरी हे म्हणतील, जरा उजेडाकडं तोंड करा."

मग हात थरथरायला लागला. आधी बशीत कप वाजायला लागला, मग कॅमेऱ्यातली नवरी हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे वाढत जाणार, आणि हे घराण्यातून येतं. काशिनाथरावांच्या वडिलांचाही हात असाच थरथरायचा. घरात त्याला सगळे म्हातारपण म्हणायचे. स्टुडिओला कुलूप लागलं.

ज्याच्या हातून काम गेलं त्याचं तोंड चालायला लागतं, तसं काशिनाथरावांचं झालं. पण त्यांचं तोंड चांगल्या कामी लागलं. त्यांनी ऑनलाइन एक गट काढला. नाव ठेवलं 'बघा तरी'. आपल्याला आवडलेला एक फोटो टाकायचा, तो का आवडला ते साध्या शब्दांत लिहायचं, आणि ज्याला जगात कुणी ओळखत नाही अशा एखाद्या फोटोग्राफरची इतरांना ओळख करून द्यायची, एवढाच उद्योग. परभणीच्या एका कंडक्टरनं प्रवाशांच्या मांडीवरच्या सामानाचे फोटो काढले होते. मालेगावची एक शिक्षिका फक्त फळा पुसताना उडणारी धूळ टिपायची. अशी रत्नं या गटानं शोधून काढली. नियम एकच, आणि काशिनाथराव त्यावर अडून बसत. फोटोखाली काढणाऱ्याचं पूर्ण नाव हवं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. "फोटो काय आकाशातून पडतो? कुणाचा तरी हात असतो," असं ते म्हणायचे.

गटाच्या माथ्यावर कायमचा एक फोटो होता. नवरीची गाडी निघून गेलेली, मांडव रिकामा, खुर्च्या अस्ताव्यस्त, आणि मधोमध नवरीचे वडील उभे. हातात लेकीची जुनी चप्पल. ती नवी घालून गेली, जुनी मांडवातच राहिली. ते चपलेकडं बघत नव्हते, गाडीच्या रस्त्याकडंही नाही. ती कुठं ठेवावी, एवढंच त्यांना सुचत नव्हतं. गटात सगळे त्याला चपलेचा फोटो म्हणत. खाली नाव होतं, काशिनाथ महालिंग बिराजदार.

दोन वर्षांपूर्वी इंदू सदाशिव पोतदार नावाची एक बाई गटात आली. राहणार भोर. तिचा पहिला फोटो साडीच्या दुकानातला होता. दुकानातली मुलगी पुतळ्याचं तोंड पुसत होती, आणि तसं पुसताना आईच्या चेहऱ्यावर जे असतं ते तिच्या चेहऱ्यावर होतं. काशिनाथरावांनी तो फोटो बघितला आणि चहा गार होऊ दिला. मग तिचे फोटो येत राहिले. दवाखान्याच्या बाकावर ठेवलेली तीन हेल्मेटं. शाळेच्या व्हॅनच्या काचेवर पोरांनी वाफेत काढलेली चित्रं, आणि त्यापलीकडं ड्रायव्हरचं पेंगुळलेलं डोकं. काशिनाथराव प्रत्येक फोटोखाली लांबलचक लिहायचे. एकदा त्यांनी, आयुष्यात कधी कुणाला लिहिलं नव्हतं असं, लिहिलं: "इंदूताई, तुम्हाला नजर आहे. ही शिकवून येत नाही."

बाई फारसं बोलायची नाही. 'धन्यवाद सर' यापलीकडं नाही. एकदाच तिनं विचारलं होतं, "सर, सगळे गाडीकडं बघत असताना, चपलेच्या फोटोसाठी तुम्ही मागं का वळलात?" काशिनाथरावांना असा प्रश्न म्हणजे मेजवानी. त्यांनी भरभरून लिहिलं, की अनुभवानं कळतं ताई, गर्दी जिकडं बघते तिकडं फोटो नसतो, मला पाठीमागं शांतता जाणवली, वगैरे. तिचं उत्तर आलं, "हो सर. बरोबर."

याच काळात जगात चित्रांचा महापूर आला. कॅमेराच नको. दोन ओळी लिहायच्या की यंत्र हवा तसा फोटो तयार करून देणार, खऱ्याच्या तोंडात मारेल असा. गटातही असले फोटो शिरायला लागले. एका गृहस्थानं टाकलेली रडणारी मेंढपाळ म्हातारी सगळ्यांनी डोक्यावर घेतली, आणि मग कळलं, ती बाई जन्मालाच आलेली नव्हती. काशिनाथराव दोन दिवस जेवले नाहीत. खरा फोटो कसा ओळखायचा, याच्यावर वादावादी होऊन गट फुटायची वेळ आली.

तेव्हा मिरजेच्या अनिस मुजावरांनी कंपठसा आणला, म्हणजे हाताच्या कंपावरून फोटो कुणाचा ते ओळखणारं यंत्र. अनिस इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, गटातले जुने सभासद, काशिनाथरावांना काका म्हणायचे. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं ते असं. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. निरोगी माणसाचासुद्धा सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतो. आपल्याला दिसत नाही इतकंच. त्यात नाडीचा ठोका असतो, श्वास असतो, बटण दाबणाऱ्या बोटाचा धक्का असतो. कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो तेवढ्यात हात किंचित सरकतो, आणि उजेडाचा प्रत्येक ठिपका केसाच्याही शतांशाइतका ओढला जातो. कॅमेऱ्यातली यंत्रणा ती थरथर भरून काढायला बघते, पण सगळी नाही भरून निघत. उरतो तो माग. एका फोटोतून तो वाचता येत नाही, पण एकाच हाताचे बरेच फोटो मिळाले की त्या मागाची लय दिसायला लागते, आणि ही लय दोन माणसांची सारखी नसते. कॅमेरा बदला, गाव बदला, नाव बदला, लय तीच राहते. यंत्रानं बनवलेल्या चित्राला मात्र हातच नसतो.

गटानं ठराव केला. यापुढं प्रत्येक फोटोचा ठसा तपासायचा, जुन्यांचाही, प्रत्येक हाताला एक क्रमांक द्यायचा, आणि तो फोटोखाली सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. काशिनाथरावांनी तर आनंदानं जुन्या लग्नांच्या मूळ फायली अनिसना पाठवल्या. आता लोक गमतीनं एकमेकांना विचारायला लागले, "हात कुणाचा?"

क्रमांक उघड व्हायच्या आदल्या दुपारी अनिसचा फोन आला. ते जरा चाचरत होते. म्हणाले, काका, तुमच्या सगळ्या फोटोंवर एक हात आहे, तो तुमचा. फक्त चपलेच्या फोटोवर आणि त्या लग्नाच्या अख्ख्या अल्बमवर दुसराच हात आहे. आणि तो हात इंदू पोतदारांचा आहे. यंत्राचं काही चुकतंय का, ते तुम्हीच सांगा.

काशिनाथरावांनी फोन कानाला तसाच धरला. कारण चपलेचा फोटो कुणी काढला, हे जगात तीनच माणसांना माहीत होतं. एक ते स्वतः, दुसऱ्या सुवर्णाबाई. तिसरी त्यांची मुलगी, गिरिजा.

ते लग्न गावातल्या मोठ्या आडत्याच्या घरचं होतं. ऐन अक्षतांच्या आधी काशिनाथरावांचा हात असा काही उसळला की कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. गिरिजानं पट्टा त्यांच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातला. लहानपणापासून स्टुडिओत वाढलेली पोर. दिवसभर तीच फिरली, तिनंच सगळं टिपलं. काशिनाथराव जुना कॅमेरा गळ्यात अडकवून मांडवात वावरत राहिले, म्हणून लोकांना वाटलं, पोर नुसती मदतीला आहे. अल्बम बघून गाव वेडं झालं. लोक काशिनाथरावांचे हात हातात घेऊन, बिराजदार, काय हो तुमची नजर, असं म्हणायचे, आणि काशिनाथराव नुसते हसायचे. नाही म्हणाले नाहीत. पुढं पुढं तर तो अल्बम आपलाच, असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं, म्हणून तर फायली बिनदिक्कत पाठवल्या. मग एक दिवस गिरिजानं गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, बाबा, आता स्टुडिओ मी बघते. ज्याचा हात गेला त्याला ते लागलं. ते म्हणाले, "तुला नजर नाही. तू नुसतं बटण दाबलंस." गिऱ्हाईक हसलं. गिरिजा त्याच महिन्यात पुण्याला गेली, चष्म्याच्या कारखान्यात नोकरीला लागली. नऊ वर्षं झाली. आईला फोन यायचा. बापाला नाही.

आता फोन खाली ठेवून काशिनाथराव तिचे सगळे फोटो पहिल्यापासून बघायला लागले. साडीचं दुकान, हेल्मेटं, व्हॅन. बघता बघता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पोर रुसून गेली नव्हती तर! त्यांच्याच दारात येऊन दोन वर्षं उभी होती, परक्याचं नाव लावून. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला त्यांच्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्या घटकेला त्यांनी गिरिजाला नुसता फोन केला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि मलाही सांगावी लागली नसती.

पण तेवढ्यात त्यांना चपलेचा फोटो आठवला. उद्या त्याच्याखाली क्रमांक दिसणार. लोक विचारणार, हात कुणाचा?

त्यांनी अनिसना परत फोन लावला. सांगितलं की इंदू म्हणजे माझी मुलगी, तिनं लाजून दुसरं नाव घेतलं. आणि चपलेच्या फोटोचं म्हणशील तर एका घरातले हात आहेत, यंत्र गोंधळलं. अनिस हळूच म्हणाले की काका, घरातल्या हातांची थरथर सारख्या जातीची असते हे खरं, पण लय वेगळी असते, यंत्र तिथं चुकत नाही. मग काशिनाथरावांनी वयाचा अधिकार काढला. तो फोटो जुना आहे, त्यावर ठसा नीट उमटत नाही, असं लिही म्हणाले.  अनिस म्हणाले, "तुम्ही म्हणता तर लिहितो, काका." आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. त्या हाताची थरथर दोन वर्षांत वाढत चालली आहे. आलेख चढता आहे. ताईंना एकदा डॉक्टरांकडं दाखवून घ्या.

तो आलेख काशिनाथरावांनी ओळखला. तो त्यांचाच होता, फक्त तीस वर्षं आधी आलेला. म्हणजे पोरीकडं फोटो काढायला आता थोडीच वर्षं उरली होती. एक, फार तर दोन. हे कळूनही माणसानं जे केलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गटावर लिहिलं की आज माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस आहे, आपण सर्वांनी जिच्यावर प्रेम केलं ती इंदू माझी कन्या निघाली. कलेचा वारसा रक्तातून येतो तो असा. आणि मग नियमाप्रमाणं, स्वतःच्या थरथरत्या बोटानं, चुका दुरुस्त करत करत, त्यांनी तिच्या एकेका फोटोखालचं इंदू सदाशिव पोतदार खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं. गिरिजा काशिनाथ बिराजदार. गिरिजा काशिनाथ बिराजदार. दुपारपर्यंत ते तेच करत बसले. मधल्या नावावरून बोट फिरताना त्यांना केवढं समाधान वाटत होतं! चपलेच्या फोटोखालचं नाव मात्र होतं तसंच राहिलं.

अभिनंदनांचा पाऊस पडला. बाप तशी बेटी, खाण तशी माती, सगळं लिहून झालं. काशिनाथराव मोबाइल घेऊन अंगणात बसले आणि एकाच नावाची वाट बघायला लागले.

संध्याकाळी फोटो जायला लागले. आधी व्हॅन गेली. मग हेल्मेटं. एक एक करून सगळे. शेवटी साडीचं दुकान गेलं आणि त्या जागी नुसता राखाडी चौकोन राहिला.

सुवर्णाबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, एकदा नवऱ्याकडं बघितलं, आणि फोन त्यांच्यापुढं धरला. नऊ वर्षांनी पहिल्यांदा.

"बाबा," गिरिजा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "इंदूला तुम्ही लिहिलं होतंत, तुम्हाला नजर आहे. मी ते रोज वाचत होते."

"खरंच आहे ते, गिरे."

"तेव्हा खरं होतं. तुम्हाला मी कोण ते माहीत नव्हतं. आता माझ्या नावात तुमचं नाव घातलंत. आता ते तुम्ही स्वतःलाच म्हणालात."

काशिनाथरावांनी नियमाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. तिनं ते पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "आणि चपलेचा फोटो?"

काशिनाथरावांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"यंत्र आणायचं ठरलं तेव्हा मी गट सोडून जाऊ शकत होते. नाही गेले. वाटलं, आता तरी बाबांना बोलावं लागेल. मी वाट बघत होते, बाबा. जुना आहे म्हणून ठसा उमटत नाही, असं लिहिलंय खाली."

"तुझा हात..." ते कसंबसं म्हणाले.

"माहीत आहे मला. तो मात्र खरा तुमचाच आहे." आणि तिनं फोन ठेवला.

 सुवर्णाबाईंनी दिवा लावला, भात टाकला, आणि जेवताना म्हणाल्या की तुम्ही गटावर इंदूला ताई, ताई करून लिहायचा ना, ते पोरगी मला फोनवर वाचून दाखवायची. मी म्हणायचे, सांगून टाक गं त्यांना. ती म्हणायची, थांब आई, अजून थोडे दिवस ऐकू दे. काशिनाथरावांचा घास हातात राहिला, आणि त्या हाताच्या थरथरीनं भात ताटाबाहेर सांडत गेला. सुवर्णाबाईंनी तो गोळा केला नाही.

पुढच्या आठवड्यात काशिनाथरावांनी खरं लिहिलं. आयुष्यात एवढं अवघड त्यांनी काही केलं नव्हतं. चपलेचा फोटो माझा नाही, तो गिरिजाचा आहे, त्या दिवशीचा एकही फोटो माझा नाही, आणि मागं वळण्याबद्दल मी जे सांगत आलो ते सगळं मनानं रचलेलं होतं, असं लिहिलं. फोटोखालचं आपलं नाव काढलं. तिथं नुसतं 'गिरिजा' असं लिहिलं. गटाच्या इतिहासात अर्ध्या नावाचा हा पहिला फोटो.

आणि मग काय झालं? लोकांनी काशिनाथरावांनाच डोक्यावर घेतलं. काय मोठं मन, लिहिलं एकानं. या वयात एवढा प्रामाणिकपणा, लिहिलं दुसऱ्यानं. असा बाप मिळायला भाग्य लागतं, असंही एका बाईनं लिहिलं. परभणीच्या कंडक्टरनं हात जोडल्याची खूण पाठवली. फोटोबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आडत्याच्या लग्नानंतर लोक जसे त्यांचे हात हातात घ्यायचे, तसेच आता घेत होते, आणि यावेळी काशिनाथराव खरोखर नाही, नाही म्हणत होते, तर लोक त्यालाही विनय म्हणत होते. एकट्या अनिसनी काही लिहिलं नाही. त्यांनी फक्त फोटोखालचा शेरा काढला आणि हाताचा खरा क्रमांक लावला.

गिरिजानं ते वाचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. इंदू पोतदारचं खातं बंद झालं होतं. सुवर्णाबाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाली की कॅमेरा कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या लेकीला देऊन टाकला, आणि आई, दुसरं काही बोलू.

आता गट अनिस चालवतात. काशिनाथराव तिथं काही लिहीत नाहीत. कंपठशाचा पसारा मात्र वाढला. आता त्यात एक हात दिला की जगात कुठंही, कुठल्याही नावानं, त्या हाताचा उघड ठेवलेला फोटो असला तर यंत्र तो शोधून आणतं. रोज सकाळी काशिनाथराव अंघोळ करतात, कपाळाला भस्म लावतात, अंगणात खुर्ची टाकतात आणि मोबाइल उघडतात. क्रमांक पाठ आहे, पण बोट भलत्या आकड्यावर पडतं, खोडावं लागतं, परत लिहावं लागतं. यंत्र आज्ञाधारकपणे सगळं जग धुंडाळून येतं.

मध्यंतरी त्यांनी सुवर्णाबाईंना विचारलं की तिनं मोबाइलवर तरी एखादा काढला असेल, कुणाच्या वाढदिवसाचा, मांजराचा, कशाचाही. सुवर्णाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"काढत असेलही," त्या म्हणाल्या. "पण कुणाला दाखवायला?"

काशिनाथराव मोबाइलकडं बघत राहिले. पडद्यावर रोजचीच ओळ आली होती: या हाताचा नवा फोटो नाही.